काकांची बोलणी

मॅट्रिक झाल्यावर नागपूरच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला. रोज जाऊन-येऊन जमत असेल तरच शिक, असं घरचे म्हणाले. संध्याकाळी परतायला दुधाची गाडी मिळायची. सकाळची नागपूरची बस आमच्या फाट्यावरून धूळ उडवत जायची, पण थांबायची नाही. तेव्हा नागपूरला एसटीच्या साहेबांना भेटून थांबा मागायचं ठरलं.

बोलायचं काकांनी, हे न विचारताच ठरलं होतं. नरखेडकडे संत्र्याचा बगीचा, म्हणजे झाडावरचा माल, विकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. व्यापारी पहिल्या बोलीला कधीच खरं बोलत नाही आणि आपण उठून निघालो की तो मागून हाक मारतोच, हे त्यांचं सगळं शास्त्र. तीन संध्याकाळी बगीच्यात तालीम झाली. बाबा उलट्या पेटीवर साहेब होऊन बसायचे आणि नाही म्हणायचे. काका त्यांना रोज हरवायचे.

"तुले काहीच बोलाचं नाही वं," काकांनी मला बजावलं. "फक्त गरीब तोंड करून उभी राहा." ते तोंड मला आधीपासूनच होतं.

साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरीच्या शिक्षणाचं काम आहे. देतो थांबा."

काका गडबडले. होकाराची तालीम कोणी केलीच नव्हती. इतक्या लवकर हो म्हणतो, म्हणजे याच्याजवळ अजून बरंच आहे, असं त्यांना वाटलं असणार.

"एकानं काय होते साहेब? संध्याकाळचाबी पाहिजे. अन् एक शेडबी."

"सध्या सकाळचा घ्या. बाकीचं पुढे पाहू."

"मंग राहू द्या," म्हणत काका उठले आणि अगदी सावकाश दाराकडे निघाले. दारात चप्पल घालायला त्यांनी किती वेळ लावला! मागून हाक आली, पण ती रांगेतल्या पुढच्या माणसाला होती.

मी बाहेर येऊन रडले. "आत जा ना काका, हो म्हणा," म्हणून विनवलं. "आता गेलो तर आपला भाव पडते," ते म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला होता की परतताना मी त्यांच्या शेजारी बसले नाही. गावात मात्र, साहेबासमोर कसा ताठ उभा राहिलो, हे ते वर्षभर सांगत होते आणि लोक माना डोलवत होते.

दोन वर्षांनी, कोणी न मागताच, फाट्यावर थांबा झाला. मी त्या बसमध्ये पहिल्यांदा चढले ती सासरी जायला. काका पोचवायला आले होते. ट्रंक त्यांनीच वर चढवली आणि कंडक्टरला म्हणाले, "सांभाळून न्या, आमची पोरगी मॅट्रिक पास आहे."