संडासावर कुणाचं नाव

"माझ्या आईचं नाव संडासावर घालताय व्हय सर तुमी?" तात्या ओरडत होते, आणि जळोचीतला त्यांचा बंगला इतका नवाकोरा होता की प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत यायचा आणि माझ्या कानात दुसऱ्यांदा शिरायचा. "काशी करून आलेली बाई ती. तिचं नाव तितं?"

मी सोफ्याच्या कडेवर बसलो होतो. सोफ्यावरचं प्लॅस्टिक घरात कुणी काढलेलं नव्हतं, त्यामुळं घामानं माणूस त्याला चिकटायचा आणि उठताना कातडं सोलल्यासारखा आवाज यायचा. समोर काचेच्या कपाटात कॉर्डलेस फोनचा रिकामा खोका शोभेला ठेवला होता. फोन कुठं होता, देव जाणे. बहुतेक तिजोरीत.

"नाव घातलंच पाहिजे असं कुठं आहे, तात्या," मी म्हणालो. "गुप्तदान समजा."

"बिननावाचं द्यायला मी काय चोर हाय?"



इंदापूरच्या रस्त्याला आमचं बालगृह होतं. आईबाप नसलेली, किंवा असून नसल्यासारखी पोरं तिथं राहायची. मी शाळेत मास्तर. शाळा सुटली की स्कूटरला किका मारायच्या आणि मोठ्या देणगीदारांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे काम विश्वस्तांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. का, तर मला थापा चांगल्या मारता येतात. ते खोटं नव्हतं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत असा एकही बागायतदार उरला नसेल ज्याला मी "तुमच्यासारखा दानशूर माणूस तालुक्यात दुसरा नाही" असं सांगितलं नाही, आणि प्रत्येकानं ते मान हलवत मान्य केलं होतं, जणू मी त्याचं वजन सांगतोय.

पैसा नव्हता असं नाही. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत ऊस, दूध आणि द्राक्षांनी या भागात असा पैसा ओतला की पणदऱ्याच्या एका गोठ्यात मी म्हशींना पंख्याखाली रवंथ करताना पाहिलंय. त्यांतल्या एकीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्याच नजरेनं नंतर तिचा मालक बघत होता. पैसा निघायचाही. फक्त तो निघताना नाव घेऊन निघायचा.

आमच्या पंख्यांच्या प्रत्येक पात्यावर नाव होतं. एका शेठजींनी तक्रार केली की पंखा फिरला की वडिलांचं नाव दिसत नाही. मग ते यायचे तेव्हा आम्ही पंखा बंद ठेवायचो. ऐन वैशाखात पोरं घामानं निथळायची आणि शेठजी मान वर करून वडिलांना वाचायचे. कपाटावर नाव, बाकावर नाव, स्टीलच्या प्रत्येक ताटावर मशीननं कोरलेलं नाव. आमच्या पोरांची अक्षरओळख पाटीवर झालीच नाही, ती आमटीखाली झाली. कुठल्याही बारक्याला पहिला शब्द लिहायला सांगा, तो 'स्मरणार्थ' लिहायचा, आणि रफार बरोबर द्यायचा.

एक बाई दर वर्षी मुलाच्या वाढदिवसाला केक घेऊन यायच्या. फोटोसाठी शेजारी एक पोरगं उभं करावं लागे. मी पुढं केलेल्या पोराला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "दुसरं द्या ना सर. हे फारच अंगानं भरलंय. फोटोत वाटणार नाही." आम्ही पोर पोसलं, ही आमची चूक. मी आत जाऊन नुकतंच तापातून उठलेलं पोर आणलं. बाईंचं समाधान झालं. त्या दिवशी केकचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला आणि मी तो कुंपणाकडेच्या कुत्र्याला घातला. कुत्र्यानं मात्र नाव न विचारता खाल्ला.

पण आम्हाला आता ताटं नको होती. मुलींचे संडास खचले होते. एका पावसाळ्यात खड्डाच आत बसला, दारं कलली, आणि तिकडं जायचं म्हणजे जिवाशी खेळ झाला. मोठ्या मुली पहाटे शेजारच्या उसात जायच्या, आणि आमच्या गृहमाता, ज्यांना सगळे बाई म्हणत, हातात काठी घेऊन बांधावर उभ्या राहायच्या. ऊस उभा आहे तोवर आडोसा. पण कारखान्याची तोड आली की ते रान तळहातासारखं उघडं पडायचं. पलीकडं थेट रस्ता, आणि रस्त्यावर टेपवर गाणी लावून उसाचे ट्रॅक्टर. मागच्या तोडीला मोठ्या मुलींनी रात्रीचं जेवण आणि पाणी सोडलं होतं, म्हणजे पहाटे जावंच लागू नये. एकीला सलाईन लावावं लागलं. या खेपेला तोडीच्या आत संडास बांधायचे, एवढंच माझं मागणं होतं.

तर संडास म्हटलं की दिवाणखाने गार पडायचे. सांगवीच्या एका बागायतदारानं माझ्या पुढ्यातला चहा परत उचलला. खरंच उचलला. एका ठेकेदारानं सभागृह देऊ केलं, दुसऱ्यानं पुतळा. पुतळा कुणाचा, ते त्याचं अजून ठरायचं होतं. आणि आता तात्या, ज्यांच्यावर माझी सगळी भिस्त होती, आईवरून पेटले होते.

जरा निवल्यावर ते म्हणाले, "कमान देतो. दोन बाजूला दोन हत्ती, वर आईचं नाव, आन् रातच्याला लाइट."

"तात्या, आपल्याला कुंपणच धड नाही. कमान कशाला?"

"मंग तर पायजेच की. न्हाईतर माणसाला कळावं कसं, आपण आत आलो का भाईर हाय?"

मी सोफ्यापासून स्वतःला सोलून काढलं आणि निघालो.

आठवडा गेला असेल. दुपारी शाळेच्या मैदानात धुरळा उडवत तात्यांची जीप आली. मला वर्गातून बाहेर बोलावलं. तोंड असं फुललेलं, की मला वाटलं घरात नातू झाला. त्यांनी पेढ्याचा पुडा पुढं केला.

"संडास देतो," तात्या म्हणाले. "सगळे. पोरींचे सगळे. पक्के, स्लॅबचे."

त्यांच्या पायाला हात लावायचाच काय तो बाकी होता. म्हणालो, "आईंच्या आत्म्याला..."

"आईचं न्हाय. नाव माझ्या चुलत्याचं घालायचं. मोठ्या अक्षरात, रस्त्यावरनं वाचता आलं पायजे."

आता या चुलत्याचा मुलगा आबा, म्हणजे तात्यांचा चुलतभाऊ, इंदापूरला असायचा. तो आणि तात्या एका बांधावरून कोर्टात भांडत होते. बांध इतका अरुंद होता की त्यावर दोन बगळे शेजारी बसले तर एकाला लवून बसावं लागे. पण त्या बांधानं चार वकिलांचे बंगले बांधले. निकाल नुकताच तात्यांच्या विरोधात गेला होता.

"तात्या," मी म्हणालो, "तो तुमचा चुलताच की. त्यानं तुम्हाला खांद्यावर खेळवलं असेल."

"खेळवलंय की. जत्रंला न्यायचा," तात्या म्हणाले. "घ्या, पेढा घ्या."

पेढा मी तोंडात घातला. तो तिथंच राहिला. आमच्या खचलेल्या खड्ड्याचा वास मला पाठ होता. पेढ्याच्या वेलदोड्यातून मला तोच येत होता.

घरी गेलो, झोप लागेना. मग माझ्यातला थापाड्या जागा झाला. म्हटलं, इंदापूरच्या आबांकडं जावं, सगळं सांगावं. बापाचं नाव संडासावर चढतंय म्हटल्यावर कुठला मुलगा गप्प बसेल? पाटी थांबवायला तोच पैसे देईल. संडास होतील, पाटीही नको, आणि तात्यांचं तोंडही बघायला नको. मला माझंच कौतुक वाटलं.

आबा पायरीवर बसून दात कोरत होते. मी जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. पाटी प्रत्यक्षाहून दुप्पट रुंद केली. आबांनी काडी बाजूला ठेवली.

"पोरींचे तो देतोय?"

"हो."

"आन् पोरांचे?"

"पोरांचे जुने आहेत. कसेबसे चालतात."

"पाडा," आबा म्हणाले. "पोरांचे नवे माझ्याकडनं. पांढऱ्या टाइला लावा. नाव त्याचं घाला. तात्याचं."

"आबा, मी आलो होतो ते वडिलांच्या पाटीचं..."

"ऱ्हाऊ द्या की. बा तर गेला. त्याला काय वास येतोय? पर तात्या जित्ता हाय. त्याच्या नावाम्होरं कैलासवासी लिहू नगा. येता-जाता वाचू द्या त्याला."

आणि हसले. मनापासून, पोट हलवून हसले. मला चहा पाजला, दुधाचा, वर साय. या सगळ्या बोलण्यात, तात्यांच्या किंवा आबांच्या, एकदाही कुणी विचारलं नाही की मुली केवढ्या आहेत, आत्ता कुठं जातात. मुली म्हणजे पाटी टांगायची भिंत. मी साय बोटानं बाजूला केली आणि चहा प्यालो, कारण देणगीदारानं दिलेलं सोडायचं नसतं.

विश्वस्तांनी दोन्ही देणग्या चहा यायच्या आत मंजूर केल्या. एकानं फक्त विचारलं की दोन्ही पाट्या एकाच मापाच्या करायच्या का, नाहीतर वाद होईल.

बालगृहावर पोचलो तेव्हा शेजारच्या रानात कोयते चालू झाले होते. तोड आली होती. बाईंनी त्या शेतकऱ्याला भंडावून बांधाकडच्या काही सऱ्या तेवढ्या उभ्या ठेवून घेतल्या होत्या, संडास होईपर्यंत. तेवढाच हिरवा पडदा राहिला होता, त्यातून पलीकडचे ट्रॅक्टर दिसत होते. बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर सगळं ओकलो. चुलता, बांध, पेढा, साय, पांढऱ्या टाइला.

"किळस आली मला, बाई," मी म्हणालो. "हे बालगृहासाठी नाही देत, एकमेकांच्या तोंडाला फासायला देतायत. उद्या या पोरी मोठ्या होऊन विचारतील, आमच्यासाठी हे कुणी बांधलं, तर काय सांगायचं? दोन भावांनी एकमेकांवर थुंकायला बांधलं? तुम्हीच सांगा, असला पैसा घ्यायचा का नेऊन त्यांच्या दारात फेकायचा?"

बाईंनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"कड्या आतनं बसवायला सांगा," त्या म्हणाल्या.