हट्ट्याला नेलेली फटफटी

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कोण बोलतंय? आणि तुम्हाला कोणी सांगितलं?" पलीकडे तिचा पुतण्या होता, तो चिडला. पण असं विचारायची सवय मला धुरपतामावशीनंच लावली होती. ती कळमनुरीत एकटी राहायची आणि कोणावरही विश्वास ठेवायची नाही. दूधवाल्याच्या मापावर नाही, दिराच्या रामरामावर नाही, पाहुण्यानं आणलेल्या केळ्यांवरही नाही. "केळं आणली, म्हंजे काईतरी मागाया आला," हे ती पाहुण्याच्या तोंडावर म्हणायची. आज तिला जाऊन महिना होत आला. कोणी तिच्याबद्दल बरं बोलू लागलं की माझ्याही मनात येतं... हा असं काहून बोलून राहिला?

तिचे मालक, आमचे मारोतीकाका, शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करायचे. बाजार फिरायला त्यांनी नांदेडहून एक फटफटी आणली होती. आणली तेव्हाच ती म्हातारी होती. टाकीचा हिरवा रंग उडालेला, सीट दोऱ्यानं शिवलेलं, पण आवाज असा की गल्लीतल्या शेळ्या उठून उभ्या राहायच्या. काका महिन्यातून दोन-तीनदा हट्ट्याला जायचे. तिथला बाजार नसला तरी जायचे. मावशीनं विचारलं तर "काम हाय" एवढंच उत्तर. नव्वदच्या दशकात, आमचा भाग अजून परभणी जिल्ह्यात होता तेव्हा, काका साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. मावशी रडली, आणि दिवस झाल्यावर तिनं फटफटी आतल्या खोलीत ढकलून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. दिरानं गाडी मागितली, तिनं दिली नाही. पुढे शहरात जुन्या गाड्यांचं वेड आलं, नांदेडची पोरं विचारत यायला लागली. त्यांना तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. मूलबाळ नाही, नवऱ्याची एवढीच आठवण, जपते बिचारी... असं आम्ही सगळे म्हणायचो.

बऱ्याच वर्षांनी, मी हिंगोलीत नोकरीला लागल्यावर, तिनं मला बोलावून घेतलं. "फटफटी चालू करून दे." मी म्हणालो, मिस्त्री आणतो. "मिस्त्री न्हाई. मिस्त्री आतलं सामान बदलतो अन् वरून दात काढतो." माझ्याकडे एक सेकंडहँड स्कूटर होती आणि ती सारखी बिघडायची, म्हणून माझे हात काळे झालेले. तेवढ्या विद्येवर मी बसलो. पेट्रोल बदललं, कार्बोरेटर धुतला, नवा प्लग घातला. किका मारून मारून पाय दुखायला लागले तेव्हा ती एकदाची बोलली. मावशी दारात येऊन उभी राहिली, पदराचं टोक तोंडात. मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला मात्र, गाडीनं उडी मारली आणि भिंतीला जाऊन बंद पडली. क्लच मी दाबला होता, पण आतल्या प्लेटा एका जागी उभ्या राहून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सुटतच नव्हत्या.

"चालू व्हती की. मंग तू काय केलंस?" मावशी म्हणाली.

गिअरमध्ये घालून, क्लच दाबून आम्ही गाडीला पुढं-मागं हिसके दिले. मागचं चाक हलेना. शेवटी बाजूचं झाकण उघडलं. निघालेला प्रत्येक बोल्ट मावशी माझ्या हातातून काढून घ्यायची, परातीत टाकायची, आणि परात तिच्या मांडीवर. प्लेटांचा गठ्ठा वडीसारखा अख्खा बाहेर आला. भाजीच्या पातळ सुरीनं मी एकेक प्लेट सोडवली, रॉकेलमध्ये धुतली, पॉलिश पेपरनं घासली. दर प्लेटेला तिचं चालू, "ही तीच हाय ना?" मी वैतागून म्हणालो, "मावशी, तू इथंच बसलीयेस की!"

"म्हनून तर इचारते. मानूस समोर बसूनच फसवतो."

झाकण लावता लावता मी विचारलं, आता इतक्या वर्षांनी ही गाडी काहून पाहिजे? ती परातीतला बोल्ट चाचपत राहिली... "हट्ट्याला जायचंय."

"मग जीपनं जाऊ, वसमतवरून."

"जीपनं गेल्यावर मला कोन वळखंल? हिचा आवाज गेला पायजे गावात. कोन बाहीर येतं ते बघायचंय मला."

पाना माझ्या हातात तसाच राहिला. आठवण वगैरे काही नव्हतं. इतकी वर्षं तिनं कुलपात सांभाळला होता तो संशय.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. क्लच आता मऊ झाला होता, गिअर नीट पडत होते. हट्टा आलं तसं तिनं मागून सांगायला सुरुवात केली, "हळू. आणखी हळू. आवाज करत चल." पारावरच्या माणसांनी माना वर केल्या आणि खाली घातल्या. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या चकरेला पिठाच्या गिरणीतून एक बाई बाहेर आली. मावशीच्याच वयाची, भुवयांवर पीठ. तिनं आधी फटफटी पाहिली, मग मला, मग मावशीला.

"मारोतराव न्हाई आले?"

मावशीची बोटं माझ्या खांद्यात रुतली. या घटकेसाठी तिनं किती शिव्या साठवल्या असतील... त्यातली एकही बाहेर आली नाही. "ते कवाच गेले, बाई," ती म्हणाली. "दहा वर्सं झाली."

बाई गिरणीच्या पायरीवर बसली. "मला वाटलं, माझ्यावर रागावले. म्हनून निरोप धाडला न्हाई मी."

तिचं नाव कौसाबाई. त्या दोघी आत गेल्या, मी बाहेर फटफटीजवळ थांबलो. परतताना एका बाभळीखाली मावशीनं गाडी थांबवायला लावली. "मानलेली भैन म्हनते. गिरनी त्यांनीच लावून दिली म्हनते."

"तुझा विश्वास बसला?"

"न्हाई." मग रस्त्याकडे बघत, "पर मेलेलं मानूस दहा वर्सं जितं धरून बसली व्हती रे ती. हट्ट्यात कोनीतरी हाय, हे मला ठाव व्हतं. मी काहून नसल सांगितलं तिला?"

खरं काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, मलाही नाही. पण त्यानंतर कौसाबाई वर्षातून एक-दोनदा कळमनुरीला यायच्या. त्या यायच्या आधी मावशी पुरण शिजत टाकायची आणि कपाटाला कुलूप घालायची. कौसाबाईही काही कमी नव्हत्या. मावशीनं घोट घेतल्याशिवाय त्या चहाला तोंड लावत नाहीत, असं मावशीच हसून सांगायची. दोघी दिवसभर एकमेकींवर नजर ठेवून बसायच्या आणि संध्याकाळच्या जीपनं कौसाबाई निघाल्या की मावशी म्हणायची, "आणखी ऱ्हायली असती तर काय झालं असतं?"

फोन आल्यावर मी कळमनुरीला पोचलो तेव्हा लांबची माणसं यायची होती, म्हणून मावशीला अजून नेलं नव्हतं. किल्ली अजून तिच्या कमरेलाच होती. ती सोडवताना वाटलं, आता विचारील... तुला काहून पायजे? खोली उघडली. क्लच दाबला, तो लोण्यासारखा दबला. गाडी उभी राहिली की पुन्हा चिकटेल, असं मी तेव्हा तिला सांगितलं होतं. शेजारीण म्हणाली, मावशी रोज सकाळी शेळ्यांना चारा टाकून आली की खोलीत जायची, गल्लीतल्या एखाद्या पोराकडून समोर उभी राहून किक मारून घ्यायची, आणि क्लचचा दांडा मात्र स्वतः दाबून बघायची. कालही दाबला होता.

मी फटफटी बाहेर काढली आणि थेट हट्ट्याला गेलो. गिरणी चालू होती, तरी त्या घरघरीतून कौसाबाईंना आवाज ऐकू आला असावा. त्या बाहेर आल्या. मी एकटाच होतो. त्यांनी आत जाऊन पट्टा बंद केला, हात धुतले, दाराला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं, आणि काही न विचारता माझ्यामागे येऊन बसल्या.