मुकादमाचं बोट

सकाळी कामावर गेलेला माणूस लगेच परत आला, तर आमच्या चाळीत त्याला कोणी काही विचारत नाही. आज काम मिळालं नाही, हे सगळ्यांना कळतं. गेल्या महिन्यात आमचे हे असेच परतले, म्हणून मीही भाकरीवरची नजर काढली नाही. मग पाहते तर हे उंबऱ्यातच बसलेले, चपला पायात तशाच. "दादा गेलो गो," एवढंच म्हणाले. इस्पितळातून निरोप कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोनवर आला होता, त्यामुळे फाटकावर उभ्या असलेल्या लोकांना तो माझ्याआधी कळला. तेव्हा मला ते लागलं. आता वाटतं, बरोबरच झालं. दादा आमचे होते, पण त्याहून जास्त त्या फाटकाचे होते.

दादा म्हणजे माझे मोठे दीर, जनार्दन. घाटकोपरला मिठागरांच्या बाजूला कंदिलाच्या काचा आणि बाटल्या करणारा कारखाना आहे, तिथले मुकादम. जाऊबाई मुलांना घेऊन मालवणाकडे गावी, त्यामुळे दादांचं जेवणखाण आमच्याकडेच. लग्न होऊन मी आले तेव्हा घर बघून हरखलेच. नारळ कधी विकत आणायचे नाहीत, सुके बांगडे टांगलेले, मे महिन्यात आंब्याची पेटी. म्हटलं, झकास, नशीब काढलं मी! हे सगळं कुठून येतं ते कळायला थोडे दिवस गेले. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी बदलीवाला घेतात. रोज सकाळी फाटकाबाहेर ही गर्दी उभी असायची आणि मुकादम बोट दाखवायचा... तू, तू, आणि तू. ज्याच्याकडे बोट वळलं त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची. ते वळावं म्हणून लोक आमच्या दारात नारळ ठेवून जात.

पेपरात तेव्हा कामगारांच्या कायद्यांवर बरंच येई. मी सातवी शिकलेली, जेवणानंतर दादांना वाचून दाखवायची. फंड, आजारपणाची सोय, कामाचे तास. दादा सुपारी कातरत ऐकायचे. एकदा म्हणाले की हे सगळं आतल्या माणसासाठी आहे. बाहेरच्याला कायदा लागू व्हायला आधी तो आत यायला हवा, आणि तो येणार माझ्या बोटावर. हे काही बढाईच्या सुरात म्हणाले नाहीत. आपल्या बोटाकडे बघत राहिले.

मग ती कोंबडीवाली बाई आली. नवरा बदलीवाला, बरेच दिवस बोट त्याच्याकडे वळलं नव्हतं. पदराखाली कोंबडी धरून जिन्याशी उभी. म्हणाली, अंड्यावरची आहे, घरात एवढीच उरलीय, पण घ्या. दादांनी कोंबडी परत दिली, वर आमच्याकडचे नारळ दिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढच्या रविवारी खोबरेल तेलाचे रिकामे डबे कापत बसले. पत्र्याचे बिल्ले केले आणि ज्याला त्याला म्हणाले, तुझी खूण तूच कोर. कोणी नांगर कोरला, कोणी चंद्र. आमचे हेही नुकतेच तिथे बदलीवर उभे राहू लागले होते, त्यांनी मासा. फाटकाशेजारी खिळे मारलेली फळी लागली. डावीकडून जितके लागतील तितके आत, आणि ज्याचं काम झालं त्याचा बिल्ला उजवीकडे शेवटी. नियम एकच कडक होता: आजारी माणसाचा बिल्ला कोणी हलवायचा नाही. बरा होऊन येईल तेव्हा त्याची पाळी त्याच्यासाठी थांबलेली असली पाहिजे.

आम्हाला मात्र हे महागात पडलं. हे फाटकावर सगळ्यात नवीन, त्यामुळे मासा सगळ्यात शेवटी. मला सातवा लागलेला, पिठाच्या डब्यात हात घातला की तळ लागायचा. न राहवून डोक्यावरचा पदर सावरत मी पहिल्यांदा दादांच्या तोंडाला तोंड दिलं. निदान घरच्या माणसाचं तरी बघा, म्हटलं. ते चिडले नाहीत. "सुमन, घरच्याक आधी घेतलंय तर ही फळी चुलीत घालूची लागतली," म्हणाले आणि आपल्या ताटातली भाकरी माझ्या ताटात ठेवली. खोटं कशाला सांगू, मला त्या भाकरीचाही राग आला.

मालकाला फळी खुपत होती. बदलीवाला घाबरलेला राहिला नाही, उलट बोलायला लागला. तोंड वर करणाऱ्यांना घेऊ नकोस, असं दादांना सांगून झालं. दादा म्हणाले, पाळी असेल त्याला घेणार. मग काय, मुकादमी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी स्वतःसाठी पत्रा कापला, त्यावर काही न कोरता तो फळीच्या शेवटच्या खिळ्याला अडकवला आणि आयुष्यभर ज्यांना बोट दाखवलं त्यांच्यात जाऊन उभे राहिले. काळजीपोटी मी मागोमाग गेले होते, रस्त्यापलीकडून बघत होते. लोक म्हणाले, दादा, तुम्ही पुढे व्हा. ते जागचे हलले नाहीत.

नवीन मुकादम आला. त्याने बोट वर केलं आणि नेमकं आमच्या ह्यांच्याकडे रोखलं. दादांचा भाऊच आत गेला तर फळी मेली, एवढं त्याला कळत होतं. माशाची पाळी अजून लांब होती. मी पोटावर हात धरून मनात म्हणत होते, जा हो, जा... ह्यांनी दादांकडे पाहिलं नाही. फळीकडे पाहिलं, आणि जागीच उभे राहिले. बोट दुसऱ्याकडे गेलं, तिसऱ्याकडे गेलं. कोणी हललं नाही. आत भट्टीत काचेचा रस तयार, तो कोणाची वाट बघत नाही. शेवटी मॅनेजर स्वतः बाहेर आला आणि म्हणाला, फळीप्रमाणे घ्या. दादांसारखा एवढा मोठा माणूस रोज माझ्या हातची आमटी जेवतो, हे मला त्या क्षणापर्यंत उमगलं नव्हतं.

दादा पुन्हा मुकादम झाले नाहीत. बदलीवर भट्टीजवळ राबले, पाळी नसेल तेव्हा आमच्या मुलीला कडेवर घेऊन मिठागरं दाखवत हिंडले. साकीनाक्याच्या एका कारखान्यातले लोक फळी बघायला आले, तेव्हा हा माणूस गर्दीत मागे उभा. पुढे छातीचं दुखणं धरलं. इस्पितळात होते तोवर पुढचे बिल्ले शेवटी जात गेले, तसा त्यांचा कोरा बिल्ला सरकत सरकत पहिल्या खिळ्यावर येऊन थांबला होता.

परवा मी ह्यांना विचारलं, दादांचा बिल्ला घरी आणताय ना? फोटोशेजारी लावू या. हे चपला घालत होते. म्हणाले, काढायला गेलो होतो, पण कोणी काढू देत नाही. रोज सकाळी मोजणी दुसऱ्या खिळ्यापासून होते. नवीन पोरं विचारतात, हा पहिला कोणाचा? त्यांना सांगतात, आजारी आहे, हलवायचा नाही.