दुसरं हँडल

नाट्यगृहाच्या मागच्या व्हरांड्यात काल दुपारी बास गिटारच्या स्पीकरची दोन खोकी शेजारीशेजारी उभी होती. दोन्ही घरी बनवलेली. एक माझं, दुसरं दिलीपचं. तोही माझ्यासारखाच ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. सवयीनं आम्ही एकमेकांच्या खोक्यावर टकटक करून पाहिलं, बायका माठ घेताना पाहतात तसं.

माझं जाड प्लायचं, आवाज भरदार. त्याचं निम्म्या वजनाचं, आवाजही जरा पोकळ.

"तुझ्यासारखा आवाज नाही याला," दिलीप म्हणाला, "पण जिना चढल्यावर बोटं वाजवायच्या लायकीची राहतात."

मी तळहात चोळत होतो. अजून जिना बाकी होता.

त्याच्या खोक्याला वर एकच हँडल आहे. माझ्या खोक्याला दोन बाजूंना दोन. बनवलं तेव्हा आमचा ड्रमर सुरेश रोज दुसरी बाजू धरायचा, आणि तो कायम धरणार असं मी धरूनच चाललो होतो. पण दोन-तीन महिन्यांतच त्यानं वाजवणं सोडलं. तेव्हापासून मी ते एका बाजूनं ओढत नेतो. तरुणपणी माणूस सगळंच दोघांनी उचलायच्या मापानं बनवतो की काय, कोण जाणे.

दिलीप पलीकडे जाऊन वाकला. माझ्या बाजूच्या हँडलचा रंग कधीच उडालाय. त्याच्या हातातलं काळंभोर, चकचकीत होतं.

"हे नवीन बसवलंस?" त्यानं विचारलं.

"नाही रे," मी म्हणालो. "दोन्ही एकाच दिवशी बसवलीत."