कुसाबाईनं लावलेली वीट

कुसाबाई घराच्या डागडुजीला बसली की आधी मांजर बाहेर पळायचं, मग नवरा. साधा खिळा ठोकायचा असला तरी ही बाई असा ठोकायची, जसं काही त्या खिळ्यानं तिचं घोडंच मारलंय. दाराची बिजागरी कुरकुरली तर तिला शिव्या, कौल सरकलं तर कौलाच्या सात पिढ्यांचा उद्धार. पण काम असं पक्कं करायची की गवंड्यानं तोंडात बोट घालावं. थापी, ओळंबा, पहार, सगळी अवजारं तिची स्वतःची. कुणी मागितली तर म्हणायची, "नवरा मागितला असता तर दिला असता."

नवरा होताच तसा, कुणालाही देऊन टाकावा असा. खंडेराव मनमाडला रेल्वेत होता. आठवड्यानं घरी यायचा, भाकरी खायचा, झोपायचा. घर, अंगण आणि मागचा झेंडूचा तुकडा ही सगळी कुसाबाईची सत्ता.

हे घर मखमलाबादच्या शिवारात, सासऱ्याच्या वेळचं. मातीच्या भिंती, वर कौलं. सासरा गेला आणि दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा घराच्या मधल्या भिंतीवरच फैसला झाला. अलीकडं थोरला खंडेराव, पलीकडं धाकटा चिमाजी. भावकीतले म्हातारे पुंजारामबाबा मध्यस्थ होते. त्यांनी खंडोबाचा बेलभंडारा दोघांच्या हातावर ठेवून वदवून घेतलं, की घर उभं आहे तोवर ज्यानं त्यानं आपल्या अर्ध्यात नांदायचं. घर पडलं तर पुन्हा बांधायचं नाही, सगळी जागा विकून निम्मं-निम्मं घ्यायचं.

त्या वेळी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्या जागेला तेव्हा विचारत होतं कोण? पण पाचसात वर्षांत नाशिक फुगत फुगत मखमलाबादच्या दाराशी आलं. रस्ता झाला, प्लॉट पडले, पांढऱ्या गाड्यांतून काळे चष्मे लावलेली माणसं शिवारात हिंडायला लागली. आणि चिमाजीला घर डोळ्यांत खुपायला लागलं.

त्यानं काय करावं? आपली अंघोळीची मोरी नेमकी मधल्या भिंतीच्या पायथ्याशी आणली. रोज घरादाराच्या अंघोळीचं पाणी भिंतीच्या मुळात. मातीची भिंत ती, किती दिवस तग धरणार? कुसाबाईच्या बाजूनं ओल फुटायची, पोपडे पडायचे. ती दरवर्षी पांढरी माती, शेण, गव्हाचा भुसा कालवून भिंत लिंपून काढायची आणि पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात चिमाजीच्या नावानं खडे फोडायची.

घटस्थापनेच्या आधी सगळ्या बायका दसरा काढतात, म्हणजे घरातलं चिंधीपासून भांड्यापर्यंत सगळं धुऊन, भिंती रंगवून घर लख्ख करतात. कुसाबाईच्या घरी दसरा निघाला की हमखास रक्त निघायचं. एका वर्षी ती भिंतीला चुना देत होती, तर चिमाजीनं येऊन चुन्याची बादली लाथेनं उडवली.

"कशाला मढ्याला पावडर लावती, वैनी? पडू दे की!"

"तुझंच मढं रंगवते थांब!" म्हणत तिनं हातातली थापी फेकून मारली. ती त्याच्या कपाळावर बसली. भळाभळा रक्त. त्यानं तिचा हात धरून असा पिरगळला की करंगळी मोडली. तिनं उरलेला चुना त्याच्या अंगावर ओतला. शेवटी चिमाजीची बायको अक्काबाई मध्ये पडली. ही अक्काबाई म्हणजे गरीब गाय. नवऱ्यापुढं वर मान करून बोलायची नाही. दोघांच्या मध्ये उभी राहून नुसती थरथरत होती, तेव्हा कुठं दोघं थांबले.

रविवारी खंडेराव आला, बायकोची बांधलेली करंगळी पाहिली आणि म्हणाला, "भावाशी कशाला वाकडं घेती? चल ना मनमाडला. क्वार्टर हाय."

"आणि रिटायर झाल्यावर? फलाटावर चूल मांडू?" कुसाबाई कडाडली. "या घराची एकेक भिंत मी लिंपलीय. मी जित्ती हाय तोवर हे पडत नाय."

करंगळी जुळली तशी तिनं मनात योजलेलं काम काढलं. भट्टीवरच्या तुटक्यामुटक्या विटा बैलगाडीनं आणल्या आणि मातीच्या भिंतीला लागून, आपल्या बाजूनं, पायापासून कौलापर्यंत विटांचं अस्तर लावलं. एकटीनं. ओळंबा सोडून, दोरी धरून, सकाळी फुलं बाजारात धाडली की दिवसभर तेच. वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर हिरवा ऑईलपेंट. भिंत अशी चकाकायला लागली की कुंकू लावायला आरसा नको. ओल नाही, पोपडा नाही. कुसाबाई येताजाता भिंतीवर थाप मारायची आणि ओरडायची, "घाल रं पाणी, चिम्या! गंगा आणून सोड!"

पण इथंच बाई चुकली. आजवर ओल तिच्या बाजूनं बाहेर यायची, वाऱ्यानं वाळायची, तिला दिसायची, म्हणून तर ती बुजवायची. आता तिनं तो रस्ताच बंद केला. पाणी आतल्या आत मुरत राहिलं. हिरव्या रंगामागं मातीचा चिखल होत होता आणि ही थाप मारून खूश होत होती.

पुढच्या वर्षी दसरा काढायच्या दिवसांत पलीकडून धाड धाड आवाज यायला लागले. भिंत पडत नाही म्हणून चिमाजीचं डोकं फिरलं होतं. पहार घेऊन तो भिंतीचा पायथाच खणत होता. कुसाबाई कळशी टाकून अंगणात धावली.

"चिम्या, ठेव ती पहार! हात मोडून गळ्यात बांधीन!"

"ये तर, ये! आज तू तरी नायतर भिंत तरी!"

ती त्याच्या दारापर्यंत पोचलीच होती. तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा नाही, ओलं पोतं खाली टाकावं तसा. आख्खी मातीची भिंत चिमाजीच्या अंगावर बसली. पाठोपाठ त्याच्या छपराची तुळई घसरली, कौलं कोसळली आणि दार बुजलं. धुरळ्यातून अक्काबाईची किंकाळी आली. ती परसात होती म्हणून वाचली.

माणसं धावली. दाराकडून काय, परसाकडून काय, एक लाकूड ओढलं तर वरचं सगळं करकरलं. आणखी हात लावला असता तर उरलेलं छप्परही त्याच्यावर आलं असतं. आतून चिमाजीचं कण्हणं ऐकू येत होतं. आधी शिव्या येत होत्या, मग नुसतं "आये, आये."

जायला वाट एकच होती, कुसाबाईच्या विटांच्या भिंतीतून. आणि तिचं निम्मं छप्पर आता त्या एका विटेच्या अस्तरावर उभं होतं. तिथं भोक पाडलं की घर संपलं. हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, तिनंच तर बांधलं होतं.

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. हिरव्या भिंतीकडं पाहिलं. मरू दे मेल्याला, असं तिच्या मनात आलं, खरंच आलं. पलीकडून पुन्हा "आये" ऐकू आलं, आणि तिनं पहार उचलली.

काय बेदम मारलं त्या भिंतीला तिनं! वीट निघेना. सिमेंट हात राखून घातलंच नव्हतं ना! प्रत्येक घावाला शिवी. "मुडद्या! हलकटा! माझ्या घराच्या मुळावर आलास! मरू नको, मरू नको रे भाड्या!" तळहाताची सालपटं निघाली, पहारीला रक्त लागलं, पण तिनं ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. भोक पडलं, तशी तिनं आत डोकं घातलं, दोन्ही हातांनी चिखल उपसला आणि केसाला धरून चिमाजीचं तोंड मोकळं केलं. मग दोघातिघांनी बगलेत हात घालून त्याला ओढून काढलं. सगळे अंगणात पोचले न पोचले तोच मागं तिचं छप्पर बसलं. चूल, मांडणी, हिरवी भिंत, सगळं गाडलं गेलं.

चिमाजीचा एक पाय दोन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यातून तो कुबडी घेऊन आला, तेव्हा खंडेरावाबरोबर मनमाडला न जाता कुसाबाई झेंडूच्या तुकड्यात पत्र्याच्या आडोशाला राहत होती. ढिगातून धडक्या विटा काढून रचत होती. पुंजारामबाबा भेटायला आले. चिमाजी बाजेवर बसला, खाली बघत म्हणाला, "बाबा, आता घर तर पडलं. ठरलं होतं तसं करून टाकू."

सगळ्यांनी कुसाबाईकडं पाहिलं. आता ही वीट फेकून मारणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण तिचा हात उठेना. तिला वाटलं, हा बोलतोय ते खरं आहे, आणि पाडलं ते मीच. तिनं हातातली वीट खाली ठेवली.

तेवढ्यात अक्काबाईनं बाजेला टेकवलेली कुबडी उचलली आणि नवऱ्याच्या पाठीत घातली. एक, दोन, तिसरी डोक्यात. "तुझ्यापायी तिनं तिचं घर फोडलं! तिच्या हाताची कातडी अजून आली नाय आणि तुला जागा विकायची? थांब, आज तुलाच पुरते!" चिमाजी बाजेवरून खाली पडला, तरी ती थांबेना. पुंजारामबाबा चप्पल न घालताच बाजूला झाले.

शेवटी कुसाबाईच धावली. तिनं जावेला मागून घट्ट मिठी मारली. "सोड गं अक्का, मरंल तो! मरूच द्यायचा असता तर मी भिंत कशाला फोडली?"

चिमाजी मातीत पालथा पडून धापा टाकत होता. "बाबा, जा तुम्ही," तो कसाबसा म्हणाला. "काय ठरलंबिरलं नव्हतं. घर परत बांधायचंय."

"बांधायचंयच," कुसाबाई म्हणाली. "आणि पाय धड झाला की भिंतीच्या मातीचा गारा तू तुडवायचा." एवढं बोलली आणि जावेच्या खांद्यावर डोकं ठेवून, सगळ्या भावकीच्या देखत, हमसून हमसून रडली.