काच टोचली आणि सासूबाई बोलल्या

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणी दृष्ट काढायला बसलं तरी मला हसू यायचं. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

साधारण २००१ साल. नाशिक रोडला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली होती – उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सगळं आयुष्य मखमलाबादला गुलाब-झेंडू पिकवण्यात गेलेलं. आता खाटेवरून नुसत्या बघायच्या. मी त्यांची वेणी घालताना शाळेतल्या गमती सांगायचे, मग डाव्या हाताने माझा गाल कुरवाळायच्या.

एका शनिवारी दुपारी हे वर्कशॉपमधून आले. जुन्या पाइपांवरचं ग्लासवूलचं वेष्टण उघड्या हातांनी सोलून काढलं होतं. दोन्ही हात लालबुंद, काचेचे बारीक तंतू उजेडात चमकत होते. "आग होतेय गं, काहीतरी कर!" म्हणत खाजवायलाच लागले. मी घाईघाईत खोबरेल तेल आणि खरखरीत टॉवेल घेऊन आले.

"चोळू नको गं!"

आम्ही दोघांनी एकदमच खाटेकडे पाहिलं. सासूबाई बोलत होत्या – स्पष्ट, खणखणीत!

"काच हाय ती, आत शिरंल. बाळू, डोळ्याला हात लावू नको. आधी नळाखाली धर, साबण लाव, पण घासू नको. मग चिकटपट्टी अलगद दाबायची अन् उचलायची. राहिलं तर चिमट्यानं काढ. कपडे येगळे धुवा."

आम्ही तसंच केलं. शाळेच्या तक्त्यांसाठी आणलेली चिकटपट्टी होती. प्रत्येक तुकड्यावर काचेची लव उतरून येत होती! तासाभरात आग शमली. हे खाटेशी गेले. "आई, अजून बोल ना गं..."

त्या फक्त हसल्या. यांच्या हातावर हात ठेवून राहिल्या.

पुढे वर्षभर होत्या. पुन्हा एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने कधीकधी वाचा येते. मान्य. पण फुलांच्या मळ्याबाहेर फारशी न गेलेल्या बाईला ग्लासवूलचं कसं ठाऊक? सगळ्या नातेवाइकांना विचारून झालं, कुणालाच सांगता आलं नाही. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

हे मात्र उत्तर शोधतच नाहीत. म्हणतात, "तीन वर्षांनी आईने मला बाळू म्हणून हाक मारली. मला तेवढं पुरे."