मिऱ्याची गिरणी

माझे सासरे कारखान्यातून निवृत्त झाले आणि फिरत्या तुकड्याला कातून आकार देणाऱ्या लेथशिवाय त्यांना घरात करमेना. जन्मभर लोखंड कातलेला माणूस. शेवटी आम्ही लाकूडकामाचं एक छोटं लेथ मशीन आणून शिवाजी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये मागच्या व्हरांड्यात बसवून दिलं.

एका रविवारी कपडे वाळत घालता घालता मी त्यांचं कातकाम बघत होते. ते म्हणाले, "नुसती बघतेस काय? ओढणी काढून ठेव, वेणी आत खोच आणि ये."

मी शाळेत भूगोल शिकवते. विळीपलीकडे कुठलं हत्यार चालवलेलं नव्हतं. "बाबा, मला नाही हो जमणार."

"मला तरी कुठं जमतंय? कारखान्यात मशीनच हत्यार धरायचं, इथं आपल्या हातानं धरायचं. आपण दोघंही शिकाऊ!"

फिरत्या लाकडाला पटाशी टेकवली. आधी नुसती खडखड, मग एकदम लांबलचक, कुरळी ढलपी उडाली आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसली. मी मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून रविवारची सकाळ व्हरांड्यात जाऊ लागली.

थोडा हात बसल्यावर बाबांनी मोबाइलवर मिरपूड दळायची लाकडी गिरणी पाहिली. आत दात्यांची छोटी चक्की, वरचं डोकं फिरवलं की खालून ताजी पूड पडते. चक्की तयार मिळते, लाकडाचं अंग आपण कातायचं. मिठासाठी दुसरी गिरणी, तिची चक्की चिनी मातीची, कारण मिठानं पोलाद गंजतं.

"घरात खलबत्ता आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग हे कसलं खूळ?"

आम्ही जवाहर चौकातल्या फर्निचरवाल्याकडून शिसवाचे उरलेले तुकडे आणले. पहिल्या तुकड्याला बाबांनी वरून भोक पाडलं, मी खालून. सासूबाईंनी तो उचलून दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला.

"अहो, दोघांनी दोन वाटा धरल्यात. मधे भेट झालेलीच नाही!"

खरंच, भोकं एकमेकांना चुकली होती. दुसऱ्या तुकड्याला घाई केली नाही. ड्रिल जरा आत घालायचं, भुसा काढायचा, पुन्हा घालायचं. आरपार उजेड दिसला तेव्हा बाबांनी मला टाळी दिली. आकार देताना मात्र माझ्या हातून गिरणीचा मधला भाग फुगीर राहिला.

"राहू दे," बाबा स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाले, "घराण्याला शोभेलशी झालीये."

जवसाचं तेल चोळल्यावर शिसवाच्या काळ्या रेघा अशा उमटल्या की आम्ही ती नुसती हातात घेऊन बसलो. मग मिठाची गिरणीही तशीच कातली.

थंडीत आमच्या या हिंदी भाषिक शहरातल्या मराठी मंडळाचा आनंदमेळा होता. आम्ही पेरूचा स्टॉल लावला. फोडींवर एका गिरणीनं सैंधव, दुसरीनं मिरी. सुरुवातीला लोक लांबूनच बघत होते. मग कुणाची तरी लहान मुलगी म्हणाली, "मी फिरवू?" तिनं फिरवली, कर्रकर्र आवाज झाला, मिऱ्याचा वास दरवळला आणि ती शिंकली. झालं! ज्याला त्याला आपल्या फोडीवर आपणच दळायचं होतं. शेजारच्या पावभाजीच्या रांगेतली माणसंसुद्धा प्लेट घेऊन आमच्याकडे आली. "भाभी, जरा इस पर भी!" पेरू संपले तरी गर्दी हटेना. एक आजोबा नुसता तळहात पुढे करून उभे राहिले. म्हणाले, "यावरच घाला."

"कुणी बनवली?" सगळे विचारत होते. बाबा माझ्याकडे बोट दाखवायचे, मी त्यांच्याकडे.

"दोघांनी बनवली," मधेच सासूबाई म्हणाल्या. "आधी एक बिघडवली, मग ही बनवली." आणि मिऱ्याची गिरणी त्यांनी जी स्वतःच्या हातात घेतली, ती मेळा संपेपर्यंत कुणाला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर व्हरांड्यातून लेथचा आवाज येत होता. सासूबाई पदर खोचून, बांगड्या काढून, डोळ्यांवर बाबांचा जाड चष्मा चढवून मशीनपुढे उभ्या होत्या.

"अगं, दाबू नकोस, नुसती टेकव," बाबा सांगत होते.

"तुम्ही जरा बाजूला व्हा, मला दिसत नाही!" त्या म्हणाल्या. तेवढ्यात लाकडाची लांब ढलपी त्यांच्या केसांत जाऊन अडकली आणि सासूबाई लहान मुलीसारख्या खिदळल्या.